पायाखालचं जंगल

ऊस तोडून नेला की शेतात उरतात ती वीतभर खोडकी. नवखा माणूस म्हणेल, पीक संपलं. शेतकरी म्हणतो, खोडवा ठेवलाय. जमिनीखाली मुळं जिवंत असतात. पाणी मिळालं की थोड्याच दिवसांत हिरवे फुटवे वर येतात. नवं बेणं नको, नवी लागण नको. आपल्याला हे इतकं सवयीचं आहे की त्यात काही नवल आहे असं वाटतच नाही. पण अशाच जमिनीत राहून गेलेल्या मुळांतून आफ्रिकेतल्या एका देशात सुमारे 50 लाख हेक्टरांवर झाडं परत आली. महाराष्ट्राचा जवळजवळ सहावा हिस्सा भरेल एवढी ही जमीन. आणि ती झाडं जगातल्या सर्वांत गरीब शेतकऱ्यांनी, आपल्या पोटासाठी वाढवली.

तो देश नायजर. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या चौपट, पण त्यातला बहुतेक भाग सहाराच्या वाळवंटात. माणसं राहतात ती दक्षिणेच्या पट्ट्यात, साहेलमध्ये. हा शब्द अरबीतून आलेला; गझलांमधून आपल्या कानावर पडणारा ‘साहिल’ तो हाच. साहिल म्हणजे किनारा, इथे वाळूच्या समुद्राचा. या पट्ट्याशी आपलं नातं ताटातलंच आहे. बाजरी मूळची साहेलची. तिथे माणसाने ती पहिल्यांदा पेरली आणि काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली. नगर-सोलापूरकडच्या भाकरीचं माहेर ते.

1970 आणि 80च्या दशकांत हे माहेर उजाड झालं होतं. दुष्काळामागून दुष्काळ आले. पेरणीआधी शेत ‘स्वच्छ’ करायचं, म्हणजे एकूण एक झुडूप तोडून जाळायचं, ही चांगल्या शेतकऱ्याची खूण मानली जाई. झाडं गेली तसा वारा मोकळा सुटला. पहिल्या पावसावर पेरलेली बाजरी उगवायची आणि वाळूच्या माऱ्याने करपायची, नाहीतर गाडली जायची. आपल्याकडे दुबार पेरणी म्हटलं की पोटात गोळा येतो. तिथे तिसऱ्यांदा, चौथ्यांदा पेरावं लागे. सरपण संपलं म्हणून शेण चुलीत जाऊ लागलं. जे शेतात पडायचं ते जळू लागलं आणि जमीन आणखी हलकी झाली. हलक्या जमिनीत पीक कमी, म्हणून उरलंसुरलं झुडूपही तोडून विकायचं. गरिबी झाड खात होती आणि झाड गेल्याने गरिबी वाढत होती.

यावर सरकारने आणि मदत संस्थांनी सुचेल तेच केलं. रोपवाटिका काढल्या, रोपं लावली. सुमारे सहा कोटी रोपं लावली गेली आणि त्यातली 20 टक्केही जगली नाहीत, असं सांगितलं जातं. काही उन्हाने गेली, काही शेळ्यांनी खाल्ली, काही वाळूखाली गेली.

टोनी रिनाउडो हा ऑस्ट्रेलियाचा तरुण कृषितज्ज्ञ मराडी भागात हेच रोपांचं काम करत होता. 1983 साली एके दिवशी तो रोपांनी भरलेली गाडी घेऊन निघाला होता. रेताड वाटेवर गाडी रुतू नये म्हणून टायरमधली हवा कमी करायला तो उतरला. चहूकडे उघडी जमीन, मधूनमधून निरुपयोगी वाटणारी खुरटी झुडपं. त्यातल्या एकाजवळ जाऊन त्याने पान निरखून पाहिलं आणि थबकला. ते झुडूप नव्हतंच. ते तोडलेल्या झाडाचं खोड होतं आणि त्यातून धुमारे फुटले होते. वर्षानुवर्षं कुऱ्हाड चालली, तरी खाली मुळं तशीच होती, पाण्यापर्यंत पोचलेली, नव्या फांद्यांना पोसायला तयार. डोळ्यांपुढच्या त्या ओसाड रानात असे लाखो बुंधे होते. ज्या जंगलाची रोपं तो गाडीतून वाहून नेत होता, ते पायाखाली होतंच.

मग करायचं काय, तर फारच थोडं. एका बुंध्यातून वीस-पंचवीस फुटवे आलेले असतात. त्यातले सरळ, जोमदार असे तीन-चार किंवा पाच निवडायचे, बाकीचे कापून काढायचे. ठेवलेल्या फुटव्यांच्या खालच्या फांद्या निम्म्या उंचीपर्यंत छाटायच्या. बस्स. एवढ्या मोठ्या मुळांचं सगळं बळ चार-पाच फांद्यांना मिळतं आणि त्या भराभर वाढतात. छाटलेल्या काटक्यांचं पहिल्याच वर्षी सरपण होतं. पुढे एखादा फुटवा तोडून विकायचा आणि त्याच्या जागी नवा येऊ द्यायचा. रोप नको, पाणी नको, कुंपण नको. तिथल्या हौसा भाषेत शेतकरी याला ‘सस्साबिन झमानी’ म्हणतात, म्हणजे आधुनिक शेतसफाई. मला या नावाचं फार कौतुक वाटतं. सफाई हा शब्द त्यांनी टाकला नाही, त्याचा अर्थ बदलला. आपल्याकडे राळेगणसिद्धी, हिवरेबाजारने कुऱ्हाडबंदी केली. तिथे कुऱ्हाड हातातच राहिली, फक्त ती निवडायला शिकली.

या झाडांत एक आहे ‘गाओ’, बाभळीचा भाऊबंद. त्याची तऱ्हा जगावेगळी. सगळी झाडं पावसात हिरवी होतात, तेव्हा गाओ पानं गाळून उघडा उभा राहतो. उन्हाळ्यात रान करपलं की हा हिरवागार. म्हणजे बाजरी वाढत असताना त्याची सावली पिकाला अडवत नाही, पानं कुजून खत होतात, मुळं जमिनीत नत्र भरतात. आणि चाऱ्याचा दुष्काळ असतो तेव्हा पाला आणि शेंगा गुरांना मिळतात. दुसरं झाड ‘कलगो’. त्याचं पान मधोमध दुभंगलेलं, थेट आपल्या आपट्यासारखं. दसऱ्याला आपण सोनं म्हणून वाटतो, त्याच्या चुलत भावाने तिथे खरोखर घरं सावरली.

एक गाठ मात्र मुळांत नव्हती, कायद्यात होती. फ्रेंच वसाहतीच्या काळापासून झाड सरकारचं मानलं जाई, मग ते शेतकऱ्याच्या शेतात का असेना. स्वतः राखलेली फांदी तोडली तरी दंड होऊ शकत असे. जे झाड वाढवूनही आपलं होणार नाही, ते कोण वाढवेल? लहान असतानाच उपटलेलं बरं. 1980च्या दशकाच्या मध्यापासून या नियमांचा अंमल सैल होत गेला आणि शेतकरी आपल्या रानातलं झाड आपलं मानू लागला. या बदलाचं बी कुठे पडलं असेल, तर ते इथे.

सुरुवात मोजक्याच शेतकऱ्यांनी केली आणि त्यांची चेष्टा झाली. 1984च्या दुष्काळात कामाच्या बदल्यात धान्य देताना ही पद्धत पुष्कळ गावांत पोचली. धान्य थांबलं तेव्हा अनेकांनी झाडं पुन्हा तोडली. ज्यांनी ठेवली त्यांचं पीक शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरलं. दान सागा या गावात वेगळीच गोष्ट सांगतात. कामासाठी परमुलखात गेलेली तरुण मुलं उशिरा परतली, शेत साफ करायला वेळ नव्हता, तशीच घाईने पेरणी केली. आणि पीक त्यांचंच चांगलं आलं. पुढच्या वर्षीही तसंच झालं. मग कुणी कुणाला पटवावं लागलं नाही. बातमी बांधावरून बांधावर गेली.

इतकी गुपचूप, की जगाला ती वीस वर्षं कळली नाही. 2004च्या सुमारास डच अभ्यासक ख्रिस राई नायजरमध्ये फिरत असताना शेतांतली झाडं पाहून चकित झाले. अमेरिकेचे भूगोलतज्ज्ञ ग्रे टापान यांनी 1970च्या दशकातली विमानातून घेतलेली छायाचित्रं नव्या उपग्रहचित्रांशी ताडून पाहिली. अंदाज निघाला 20 कोटी झाडांचा. त्याहून मोठं नवल म्हणजे झाडं वाढली होती ती सर्वांत दाट वस्तीच्या मराडी आणि झिंदर भागांत. माणसं वाढली की झाडं कमी होतात, हे आपण गृहीत धरलेलं. इथे जितकी माणसं अधिक, तितके फुटवे निवडणारे हात अधिक. दर वर्षी सुमारे पाच लाख टन धान्य जास्त पिकतं, असा अभ्यासकांचा हिशेब आहे. ते 25 लाख माणसांना पुरावं.

नायजर आजही फार गरीब देश आहे. लोकसंख्या झपाट्याने वाढते आहे, पाऊस लहरी आहे. झाडांनी सारे प्रश्न सुटले, असं कुणी म्हणू नये. पण 1972 साली स्टॉकहोमच्या परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबीचा प्रश्न बाजूला ठेवून निसर्ग वाचवता येणार नाही, असं जगाला बजावलं होतं. त्या वाक्याची दुसरी बाजू साहेलच्या शेतकऱ्याने करून दाखवली. त्याने निसर्ग वाचवायला वेगळा वेळ काढलाच नाही. जळण, चारा, पेरणी एकदाच व्हावी एवढंच त्याला हवं होतं, आणि ते सगळं त्या चार फुटव्यांत होतं.

म्हणून आता बांधावर एखादा तोडलेला बुंधा दिसला आणि त्यातून झुडपासारखे धुमारे वर आलेले दिसले, की मी थांबते. वाकून मोजते, किती आहेत. आणि त्यातले कोणते तीन-चार ठेवावेत, याचा विचार करू लागते.