जुन्या क्लॅरिनेटचे सूर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात लष्करी बँडांसाठी घडवलेले क्लॅरिनेट एखाद्या हौशी वादकाच्या हाती पडते, तेव्हा ते सर्वत्र चढे वाजते अशी तक्रार उद्भवते. परंतु तिचे मूळ बहुधा कारागिरीत नसून त्या काळच्या वहिवाटीत असते, कारण तेथे ‘ए’ हा स्वर सेकंदाला सुमारे ४५२ कंपनांवर लावण्याचा दस्तूर होता, आणि ४४० चे प्रमाण १९३९ च्या लंडन परिषदेने मुक्रर केले. मुखनळीखालचा बॅरल बाहेर ओढल्यास स्वर उतरतो खरा, पण जवळच्या छिद्रांचे स्वर अधिक व दूरच्यांचे कमी उतरल्याने स्वरांतरेच विस्कटतात. असे वाद्य कपाटात ठेवावे, हे माझे स्पष्ट मत.

वाद्य ४४० चेच असून एखादाच स्वर खटकत असेल, तर मात्र दुरुस्तीला वाव आहे. छिद्रावरची गादी पुरेशी उघडत नसेल तर स्वर उतरतो, म्हणून प्रथम तिचा बंदोबस्त करावा. चढ्या स्वराच्या छिद्रात, मुखनळीकडील कडेला, लाखेचा पातळ थर द्यावा; उतरत्यासाठी छिद्र आतून किंचित कोरावे, मात्र लाख खरवडता येते, कोरलेले लाकूड परत येत नाही. शिवाय हे वाद्य वरच्या स्थानात अष्टकाऐवजी बारावा स्वर देत असल्याने एकाच छिद्रावर दोन भिन्न स्वर अवलंबून असतात, आणि एक सुधारताना दुसरा बिघडत नाही ना, हे दर वेळी वाजवून पाहावे लागते.