मॅमथ आधी की मोठा आधी?

आमची शाळा चिंचोळी एमआयडीसीजवळ. पुणे रस्त्यावरून पवनचक्कीचं लांबच लांब पातं लादलेला ट्रेलर निघाला, की सगळा वर्ग खिडकीशी पळतो आणि माझं शिकवणं तिथंच थांबतं. एकदा चौथीतला एक मुलगा असाच ओरडला, "बाई, मॅमथ ट्रेलर!"

दादाच्या इंग्रजी पुस्तकातून त्यानं हा शब्द उचलला होता. मी कौतुक केलं आणि जोडीला माहितीही देऊन टाकली, "फार पूर्वी एक केसाळ हत्ती होता. तो खूप मोठा होता, म्हणून त्याचं नाव मॅमथ पडलं."

पोरगं गप्प बसेल तर ना! "बाई, कुठल्या भाषेत मॅमथ म्हणजे मोठं?"

मी फळा पुसायला लागले. दुसरं काय करणार? घरी जाऊन पुस्तकं काढली, तेव्हा कळलं की मी गाडी उलटी हाकली होती. आधी जनावराचं नाव आलं आणि 'मोठं' हा अर्थ त्याला पुष्कळ नंतर चिकटला!

आता चला सैबेरियात. तिथली जमीन खोलवर कायम गोठलेली असते. उन्हाळ्यात नद्यांचे काठ ढासळले, की आतून वाकडे, माणसापेक्षा लांब सुळे बाहेर पडायचे. असं जिवंत जनावर तर कुणी पाहिलेलं नव्हतं. मग तिथल्या लोकांनी तर्क लढवला, की हा प्राणी घुशीसारखा जमिनीखाली राहत असणार आणि वरचा उजेड-वारा लागताच मरत असणार. म्हणून तो मेलेलाच सापडतो! हसू नका हं. डोळ्यांसमोर जे होतं, त्यावरून काढलेला तो अंदाज होता.

त्याच भागात मान्सी नावाचे लोक राहतात. त्यांच्या भाषेतल्या 'जमिनीचं शिंग' अशा अर्थाच्या शब्दावरून रशियन 'मामोंत' आला असावा, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. १६९२ मध्ये निकोलास विटसेन या डच गृहस्थाच्या पुस्तकातून हे नाव पश्चिम युरोपात गेलं. इंग्रजीत येईपर्यंत मधला 'न' गळाला आणि शेवटी 'थ' चिकटला. म्हणजे नावात मोठेपणाचा मागमूस नाही!

पुढे १७९६ मध्ये जॉर्ज क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञानं हाडं ताडून दाखवलं, की मॅमथ हा आजच्या हत्तींहून वेगळा आणि पृथ्वीवरून नाहीसा झालेला प्राणी आहे. एखादी अख्खी जात नाहीशी होऊ शकते, हे तेव्हा कित्येकांना पटतच नव्हतं.

मग 'मोठं' कुठून आलं? अमेरिकेतून. तिथं १८०१ मध्ये अशाच प्रचंड हाडांचा सांगाडा निघाला आणि लोकांना मॅमथचं वेडच लागलं. खरं तर तो मॅस्टोडॉन होता, पण तेव्हा सगळे त्याला मॅमथच म्हणत. १८०२ च्या पहिल्या दिवशी अध्यक्ष जेफरसन यांना गावकऱ्यांनी सुमारे ५६० किलोचं चीज भेट दिलं. त्याचं नाव पडलं 'मॅमथ चीज'! तेव्हापासून जे जे अवाढव्य, ते ते मॅमथ.

आपल्याकडेही शब्द असेच घसरतात, बरं का. 'अजस्र' म्हणजे आपण प्रचंड समजतो, पण संस्कृतात त्याचा अर्थ आहे सतत चालणारं, न थांबणारं.

खरी गंमत पुढेच आहे. केसाळ मॅमथ खांद्यापाशी साधारण तीन मीटर उंच, म्हणजे आपल्या आजच्या हत्तीएवढाच! त्याचा सर्वांत जवळचा नातलगही आशियाई हत्तीच आहे. उलट आपल्या महाराष्ट्रात एके काळी त्याच्याहून थोराड हत्ती फिरत होते. नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरजवळ गोदावरीच्या गाळात असा एक सापडला आणि १९०५ मध्ये पिलग्रिम या भूशास्त्रज्ञानं त्यावर लिहिलं. या जातीचं शास्त्रीय नाव आहे 'नमाडिकस', नर्मदेवरून दिलेलं. यातले मोठे नर चार मीटरच्याही वर जात. लातूरकडच्या मांजरा खोऱ्यातही प्राचीन हत्तींचे जीवाश्म मिळाले आहेत. पण 'नमाडिकस ट्रेलर' असं कोण म्हणतंय? नावाचंही नशीब असतं!

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सरळ सांगितलं, "काल मी चुकीचं सांगितलं." पोरांना त्याचाच जास्त आनंद झाला. प्रश्न विचारणारा मात्र अजून विचारातच होता. "बाई, मांजरेला सापडतात, मग आपल्या सीनेच्या काठाला?"

या वेळी मी घाईनं उत्तर दिलं नाही. म्हटलं, "सापडलं काही, तर फोडू नका, जागेवरून हलवू नका. आधी मला बोलवा."

ऐकतील तर शपथ! सोमवारी माझ्या टेबलावर एक हाड येऊन पडलेलं होतं. बैलाचं आहे, असं मला वाटतं. पोरगं अजून मान्य करत नाही.