उन्हातील बर्फ आणि चामड्याविना हातमोजे

मार्चमधील गुलमर्ग जानेवारीतील गुलमर्गहून निराळे असते. आकाश निरभ्र, ऊन लख्ख. रात्री गोठून टणक झालेला बर्फ दुपारपर्यंत ओलसर खडीसाखरेसारखा दाणेदार होतो. आपल्या व्यापारी कुटुंबांतील तरुण मंडळी आता स्कीइंग शिकण्यासाठी येथे किंवा उत्तराखंडातील औली येथे जातात. प्रवासाच्या तयारीत जाकीट, चष्मा, बूट यांची चर्चा सविस्तर होते. हातमोजे मात्र दुकानदार पुढे करील ते घेतले जातात. वस्तुतः आपल्या घरांपुरते पाहिले, तर सर्वांत जास्त विचार हातमोज्यांचाच व्हावयास हवा. कारण उत्तम आणि टिकाऊ म्हणून जे हातमोजे विकले जातात, त्यांतील बहुतेकांचा तळहात बकरीच्या किंवा गुरांच्या कातड्याचा असतो. मंदिरात जाताना चामड्याचा पट्टा आणि पाकीट बाहेर ठेवणाऱ्या माणसाने दिवसभर तेच कातडे हातावर चढवावे, हे विसंगत आहे.

प्रथम उन्हाच्या दिवसाची गरज समजून घेऊ. कडाक्याच्या थंडीसाठी केलेले जाड, कापूसभरल्या उशीसारखे हातमोजे अशा दुपारी घामाने भिजतात. भिजलेले अस्तर ऊब धरत नाही, आणि सावलीत शिरताच बोटे गारठतात. म्हणजे अतिजाड मोजाच शेवटी थंडी देतो. मग मोजे काढून उघड्या हाताने घसरावे काय? मुळीच नाही. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ऐंशी टक्क्यांपर्यंत परावर्तित करू शकतो, आणि दर 1000 मीटर उंचीला या किरणांची तीव्रता सुमारे 10 टक्क्यांनी वाढते. गुलमर्ग सुमारे 2650 मीटरवर आहे. शिवाय दाणेदार बर्फावर वेगात पडलेला उघडा हात खरवडून निघतो, आणि स्कीच्या पोलादी कडा धारदार असतात. नवशिक्याचा हात दिवसातून अनेकदा त्या कडांना लागतो. पातळ पण चिवट मोजा हवा, तो याचसाठी.

चिवटपणाची खरी परीक्षा होते ती तीन जागी: तळहात, अंगठा व तर्जनी यांच्यामधील बेचका, आणि बोटांची टोके. काठीची मूठ बेचक्यात घासते. शिकाऊ उतारांवर वर ओढून नेणाऱ्या लिफ्टचा दांडा वा दोर तळहात झिजवतो. स्की खांद्यावर घेऊन चालताना कडा बोटांवर टेकतात. म्हणून विकत घेताना मोजा उलटा करून शिवण पाहावी. बेचक्यात दुसरा थर शिवलेला आहे काय, टाके दुहेरी आहेत काय, बोटांच्या टोकांवरील जोड अगदी अग्रावर न ठेवता मागे वळवलेला आहे काय, हे पाहण्यास एक मिनिट पुरते. कापडाच्या व्यापारातील वाचकांना हे सांगण्याची खरे तर गरज नाही; माल हातात घेऊन ताणून पाहण्याची सवय त्यांना असतेच.

आता चामड्याला पर्याय. पहिला पर्याय कृत्रिम चामड्याचा, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंच्या कापडावर पॉलियुरेथेनचा थर दिलेला. क्लारिनो हे जपानी कापड याच जातीचे. ते पातळ असते, ओले होऊन वाळल्यावर कडक होत नाही, आणि काठीवर पकड चांगली देते. निष्पक्षपणे सांगावयाचे तर दोराच्या घर्षणापुढे उत्तम बकरीचे कातडे याहून अधिक काळ तग धरते. परंतु वर्षातून आठ-दहा दिवस घसरणाऱ्या कुटुंबाला तो फरक क्वचितच जाणवेल. या मालाचा खरा शत्रू बर्फ नसून आपला पावसाळा आहे. दमट हवेत पॉलियुरेथेनचा थर हळूहळू विघटित होतो. मुंबई-कोकणातील कपाटात दोन-तीन पावसाळे पडून राहिलेला मोजा न वापरताही सोलून निघू शकतो. तेव्हा घरी परतल्यावर तो सावलीत पूर्ण वाळवावा आणि ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावा. हीटरवर वाळत घालणे टाळावे.

दुसरा पर्याय अनेकांना सुचत नाही: कारखान्यांत वापरले जाणारे, विणलेल्या नायलॉनचे आणि तळहातावर नायट्राइलचा लेप दिलेले मोजे. औद्योगिक मालाच्या दुकानात ते स्वस्तात मिळतात. युरोपीय मानक ईएन 388 नुसार तपासलेल्या मोज्यावर हातोड्याचे चिन्ह व त्याखाली आकडे असतात. त्यांतील पहिला आकडा घर्षणाचा. चार हा सर्वोच्च. दुसरा कापले जाण्याविरुद्धच्या प्रतिकाराचा. यांची पाठ पाणी अडवत नाही, म्हणून ओल्या बर्फात पडझड करणाऱ्या मुलांसाठी ते नकोत. सराईत माणसाला मात्र कोरड्या, उन्हाच्या दिवशी ते पुरेसे ठरतात.

तळहात कृत्रिम असला म्हणजे काम संपले असे नाही. अस्तर लोकरीचे वा रेशमाचे असू शकते, आणि जाड मोज्यांत पक्ष्यांची पिसेही भरलेली असतात. रेशमासाठी कोशेटे उकळले जातात, हे सर्वांस ठाऊक आहे. लोकरीबाबत घरोघरी निरनिराळी मते आहेत. ज्याने त्याने ठरवावे. पॉलिएस्टर फ्लीसचे अस्तर या सर्वांतून मोकळे करते. लेबलावर ‘गोटस्किन’, ‘स्वेड’ वा नुसते ‘लेदर पाम’ असल्यास तो मोजा बाजूला ठेवावा. कापलेली कड दिसत असेल तर निरखावी: कातड्याची कड सर्वत्र तंतुमय दिसते, कृत्रिमात वरचा थर आणि खालचे कापड वेगळे ओळखता येतात.

मापासाठी अंगठा वगळून तळहाताचा घेर मोजावा. तो जितके इंच, साधारण तितका मोज्याचा क्रमांक. 8 क्रमांक म्हणजे सुमारे 203 मिलिमीटर. मूठ आवळल्यावर बोटांची टोके दाबली जाऊ नयेत.

एक व्यावहारिक सूचना. गुलमर्गचा गंडोला अफरवटच्या बाजूला सुमारे 3950 मीटरपर्यंत नेतो. उंचीच्या हिशेबाने तेथे तापमान खालच्यापेक्षा सुमारे 8 अंशांनी कमी असते, आणि वाराही असतो. वर जाताना पिशवीत जाड, कृत्रिम भरणाची दुसरी जोडी असू द्यावी, आणि पातळ जोडी जाकिटाच्या आतील खिशात कोरडी ठेवावी; दुपारी खाली उतरताना तीच लागते.