जीवसृष्टीची पहिली वेस

वाशीम जिल्ह्यातील रिसोड तालुक्याची शीव ओलांडून पश्चिमेस गेले, की बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर लागते. ज्या वऱ्हाड सुभ्यात वाशीम हे एक स्वतंत्र सरकार म्हणून नोंदले गेले, त्याच सुभ्याची हकीकत लिहिताना अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त या स्थळाचा उल्लेख केला आहे; आणि तो देवस्थानापुरता न ठेवता, काच व साबण यांस लागणारे जिन्नस येथे निघतात व सरकारात त्यांचा महसूल जमा होतो, असेही नमूद केले आहे. साबणाची ही नोंद जीवोत्पत्तीच्या अभ्यासकाने थांबून वाचावी अशी आहे. कारण तेल वा चरबी खारात शिजवली असता मेदाम्लांची जी लवणे तयार होतात, त्यांनाच आपण साबण म्हणतो, आणि पृथ्वीवरील आद्य पेशीचे आवरण अशाच मेदाम्लांचे असावे, असे आजच्या अनेक संशोधकांचे मत आहे.

जीवन कोठे सुरू झाले, या प्रश्नाआधी ते कशाच्या आत सुरू झाले, हे विचारणे प्राप्त आहे. ओपारिन यांनी १९२४ मध्ये आणि हॉल्डेन यांनी १९२९ मध्ये आदिसागरातील सेंद्रिय द्रव्यांपासून जीव उद्भवल्याचा सिद्धान्त मांडला. त्यांपैकी हॉल्डेन, जे पुढे १९५७ मध्ये भारतात येऊन येथेच स्थायिक झाले, त्यांनी अर्धसजीव रेणूंना वेढणाऱ्या तैलमय पापुद्र्याचाही निर्देश केला होता. या निर्देशाचे मोल मोठे आहे. विस्तीर्ण जलाशयात एखादा उपयुक्त रेणू घडला, तरी त्याच्या कार्याचे फळ चहूकडे पांगून जाणार. ते त्याच्याच पदरात पडावयाचे, तर त्याच्याभोवती आवरण हवे. गावाला जशी वेस, तसे पेशीला पटल: हवे ते आत घेणारे, नको ते बाहेर सोडणारे, आणि आतले गाव गाव म्हणून राखणारे.

हे पटल घडविण्यास कोणी कारागीर लागत नाही. मेदाम्लाच्या रेणूचे मुख जलप्रिय, तर शेपूट जलद्वेषी असते; पुरेसे रेणू पाण्यात एकत्र आले, की शेपट्या एकमेकींच्या आश्रयास जातात, मुखे दोन्ही बाजूंनी पाण्याकडे वळतात, आणि हा दुपदरी पडदा आपल्या कडा मिटून पोकळ गोल बनतो. वाशीमच्या विद्यार्थ्यास याचा प्रत्यय घेण्यासाठी दूर जावयास नको, कारण येथील खरिपाचे प्रमुख पीक जे सोयाबीन, त्याच्या तेलातून निघणारे लेसिथिन हे पटलद्रव्यांचेच, म्हणजे फॉस्फोलिपिडांचे, मिश्रण होय. काचपट्टीवर त्याचा बारीक कण ठेवून कडेने पाण्याचा थेंब सोडला, की महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही त्या कणाच्या काठावरून पारदर्शक नळ्या हळूहळू बाहेर सरकतात, वाकतात, वेटोळे घालतात. त्यांत जीव नसतो, तरी जीवाला लागणारी रचना करण्याची प्रवृत्ती जड द्रव्यातच आहे, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

असे रेणू जीवापूर्वी उपलब्ध होते काय? ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे १९६९ मध्ये पडलेल्या उल्केतील द्रव्यांपासून पोकळ गोल तयार होतात, हे डेव्हिड डीमर यांनी १९८५ मध्ये दाखविले. त्यांच्यासमवेत काम केलेल्या सुधा राजामणी यांच्या २००८ च्या शोधनिबंधात, मेदाच्या सान्निध्यात न्यूक्लिओटाइडे वारंवार ओली व कोरडी केली असता आरएनएसारख्या साखळ्या जुळतात, असे दिसून आले. पुण्याच्या आयसर संस्थेतील त्यांची प्रयोगशाळा जीवोत्पत्तीच्या याच रसायनाचा पाठपुरावा करीत आहे.

या ज्ञानाच्या कसोटीस लोणारचे पाणी लावले, तर काय दिसते? नुसत्या मेदाम्लाचे पटल साधारणतः ८ ते ९ सामूच्या पाण्यात टिकते. सामू फार वाढला, तर त्याचा साबण होऊन ते विरते, आणि घटला, तर तेलाचे थेंब होतात. लोणारचा सामू १० च्या आसपास, ज्या विवरात हे सरोवर आहे त्याचे वय २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-कालमापनानुसार सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे, तर जीवसृष्टीचे वय साडेतीनशे कोटी वर्षांच्या घरात. यास्तव लोणार ही जीवाची जन्मभूमी नव्हे. तथापि जे कॅल्शियम मेदपटले फोडते आणि फॉस्फेटाला बांधून ठेवते, ते अशा कार्बोनेटयुक्त तळ्यांत तळाशी बसते. आणि म्हणूनच आद्य पृथ्वीवरील खारी तळी जीवोत्पत्तीस अनुकूल ठरली असावीत, हा विचार आज गांभीर्याने होतो.

जून २०२० मध्ये हे सरोवर गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्याचे कारण हॅलोआर्किया हे लवणप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे सांगितले. त्यांचा गुलाबी रंग त्यांच्या पटलातच वसतो, आणि ते पटल जीवाणूंच्या व आपल्या पटलाहून मुळातच निराळे असते: आपल्याकडे एस्टर बंध, तेथे ईथर बंध, आपल्याकडे मेदाम्लांच्या शेपट्या, तेथे आयसोप्रीनच्या, आणि दोहोंतील ग्लिसरॉल-फॉस्फेट परस्परांच्या आरशातील प्रतिमा. सर्व जीवांचा पूर्वज एक, तर ही दोन पटले कशी? दोन्ही प्रकारच्या मेदांचे मिश्र पटल असलेला जीवाणू प्रयोगशाळेत वाढू शकतो, हे २०१८ मध्ये सिद्ध झाल्यामुळे, मिश्र पटल टिकाऊ नसल्यानेच ही फारकत झाली असावी, हा तर्क आता दुबळा झाला आहे. प्रश्न मात्र उभाच आहे.

पटल हे केवळ आवरण नव्हे, तर शक्तीचे कोठारही आहे. १९७४ मध्ये रॅकर आणि स्टोकेनियस यांनी सोयाबीनच्या फॉस्फोलिपिडांचे पोकळ गोल करून त्यांत हॅलोआर्कियाचे जांभळे प्रथिन आणि गाईच्या हृदयातील, एटीपी हा ऊर्जावाहक रेणू घडविणारे प्रथिन बसविले. प्रकाश पडताच प्रोटॉन आत ओढले गेले व एटीपी तयार झाले. पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांच्या तफावतीतून पेशीला ऊर्जा मिळते, या पीटर मिचेल यांच्या सिद्धान्तास त्यामुळे भक्कम पुरावा लाभला, आणि १९७८ मध्ये मिचेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वाशीमच्या शिवारात पिकणारे धान्य आणि शेजारच्या खाऱ्या पाण्यातील जीवांचे कुळ अशा रीतीने एकाच प्रयोगात भेटले.

सर्वस्वी बंद पटल उपाशी मरते, सर्वस्वी उघडे विरून जाते. जीवन म्हणजे या दोहोंमधील तोल होय, आणि तो तोल साधण्याचे जे अनेक मार्ग निसर्गाने शोधले, त्यांतील एक आपल्या शेजारी नांदतो आहे. लोणारला २०२० मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, परंतु त्या पाण्याचा खारेपणा सांडपाण्याने व गोड्या पाण्याच्या लोंढ्याने ओसरू लागला, तर हा दर्जा दप्तरात राहील आणि त्या पाण्याचे रहिवासी निघून जातील. वाशीम व बुलढाण्याच्या महाविद्यालयांनी या पाण्याचा सामू व लवणांश वर्षानुवर्षे मोजून त्याची नोंदवही ठेवावी, ही अपेक्षा खर्चाची नाही. महसुलाची नोंद चार शतकांपूर्वी झाली, आता या जीवांची व्हावयास हवी.