जुन्या ट्रकचं स्टिअरिंग जड झालं तर

स्टिअरिंग जड झालं की लगेच पॉवर स्टिअरिंगचा पंप बदलायला धावू नका. आधी पुढच्या टायरांतली हवा आणि किंगपिनचं ग्रीसिंग पाहा; दोष पुष्कळदा तिथेच असतो. मग पॉवर स्टिअरिंगच्या टाकीतलं तेल बघा. ते कमी असेल तर होज पाइप, जोड आणि स्टिअरिंग बॉक्सच्या सीलजवळ गळती शोधा. पंप बेल्टवर चालत असेल तर बेल्ट ढिला नाही ना, तेही तपासा.

तेलाला फेस आणि वळताना घरघर, म्हणजे आत हवा शिरली. पुढची चाकं जॅकवर उचलून, तेलाची पातळी राखत, स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवा. बुडबुडे थांबले की हवा निघाली. टोकाला मात्र स्टिअरिंग 5 सेकंदांहून जास्त दाबून धरू नका. तेल तापतं, पंप झिजतो.