शेजारी बीअरचा कारखाना आला तर...

घरात तान्हे मूल असले की आजीबाई नाचणी भिजत घालतात. भिजली की फडक्यात बांधून ठेवतात, मोड आले की वाळवतात, थोडी भाजून दळतात आणि सत्व करतात. मोड आलेली नाचणी गोड का लागते, हे आजीला कुणी शाळेत शिकवलेले नसते. दाणा रुजू लागला की त्याच्या पोटातल्या पिठाची साखर होऊ लागते, एवढेच त्यातले इंगित.

वाचक भगिनी-बंधूंनो, बीअर नावाच्या पेयाची सुरुवातही इथेच होते. तिथे नाचणीच्या जागी जव असतो. मोड आणून वाळवलेला जव भरडायचा, साधारण ६५ अंश उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवायचा आणि गोड पाणी गाळून घ्यायचे. त्यात हॉप नावाच्या वेलीची कडू फुले घालून तासभर उकळायचे, थंड करायचे आणि आंबवण्यासाठी यीस्ट सोडायचे. आठ-पंधरा दिवसांत साखरेचे मद्य होते. हातभट्टीप्रमाणे यात वाफ धरायची नसते. म्हणून बीअरमध्ये मद्याचा अंश बहुधा शंभरात पाच-सहा भागच असतो.

शेतकऱ्याच्या घरात वाचल्या जाणाऱ्या अंकात ही माहिती कशाला, असे कुणी विचारील. त्याला कारण आहे. अलीकडे मुंबई-पुण्याकडे अशी बीअर थोडी थोडी आणि ताजी बनवणारे छोटे कारखाने निघाले आहेत. आपले चौक या दोन शहरांच्या मधोमध, जुन्या हमरस्त्यावर. पनवेल-कर्जत रेल्वेचे स्टेशन इथे. पाठीशी माथेरानचा डोंगर, समोर इर्शाळगड. जमीन बघायला येणाऱ्या मोटारी आपल्याला नव्या नाहीत. उद्या अशा कारखान्यासाठी कुणी जागा बघायला आला, तर त्याला काय विचारायचे?

पिणे चांगले की वाईट, याचा निवाडा इथे करायचा नाही. ज्या घरात दारू शिरली त्या घराची काय दशा होते, ते आपल्या आयाबहिणींना वेगळे सांगायला नको. आजचा प्रश्न शेजाराचा आहे.

पुण्याची गोष्ट

२००९ साली सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी पुण्यात ‘डूलाली’ नावाने असा छोटा कारखाना सुरू केला. नाव विलायती वाटते, पण ते आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. इंग्रजी अमलात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत गोरे सोजीर देवळालीच्या छावणीत महिनोन् महिने पडून राहत. उन्हाने, तापाने, कंटाळ्याने त्यांचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजीत डोके फिरलेल्या माणसाला ‘डूलाली’ म्हणू लागले.

मोठ्या कारखान्याची बाटली टिकाऊ असते, ती दूरदूर जाते. छोट्या कारखान्याची ताजी बीअर फार दिवस टिकत नाही. ती जवळच्या जवळ खपावी लागते. म्हणजे आजूबाजूची माणसे जोडल्याशिवाय हा धंदा उभाच राहत नाही. डूलालीवाल्यांनी आपल्या जागेत टेलिव्हिजन लावला नाही. पटावरचे खेळ ठेवले, निरनिराळ्या कलांचे वर्ग भरवले. लोकांनी नुसते पिऊन जाऊ नये, बसावे-बोलावे, अशी ती योजना.

शहरात हे ठीक आहे. तिथे शेजारी म्हणजे गिऱ्हाईक. खेड्यात मात्र शेजारी म्हणजे ज्याच्या विहिरीचा झरा आणि कारखान्याच्या बोअरचा झरा एकच आहे तो. त्याने आयुष्यात बीअरला हात लावलेला नसेल, तरी खरा संबंध त्याचाच. म्हणून गावाशी नाते जोडायचे तर कारखानदाराने आधी न पिणाऱ्या घरांकडे बघायला हवे.

चोथ्याचा हिशेब

गोड पाणी गाळून घेतल्यावर जवाचा चोथा उरतो. त्यात मद्य नसते, कारण आंबवण्याचे काम त्यानंतर होते. शंभर लिटर बीअरमागे सुमारे वीस किलो ओला चोथा निघतो. त्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते, पण उरलेल्या सुक्या भागात शेकडा वीस ते पंचवीस प्रथिने असतात. दुभत्या जनावराच्या आंबोणात तो चांगला चालतो. पाण्याचे ओझे दूर नेणे परवडत नाही. म्हणून तो जवळच्या गोठ्यालाच परवडतो, आणि कारखानदारालाही तो रोज कुणीतरी उचलून न्यायला हवाच असतो.

काही गोष्टी मात्र सांभाळाव्यात. आरंभी किलो-दीड किलोच द्यावा, मग हळूहळू वाढवून मोठ्या दुभत्या गाईला रोज आठ-दहा किलोपर्यंत. पेंढा आणि हिरवी वैरण चालू ठेवावी. चोथ्यात चुना कमी असतो, म्हणून खनिज मिश्रण द्यावे. उन्हाळ्यात दोन दिवसांत संपवावा किंवा हवाबंद पिंपात दाबून भरावा. बुरशी दिसली की उकिरड्यावर टाकावा, जनावराला देऊ नये. पिंपाच्या तळाशी बसणारा यीस्टचा गाळ कच्चा कधीच घालू नये. तो पोटात आंबून जनावर फुगते.

आता हिशेब करू. आठवड्याला हजार लिटर बीअर करणाऱ्या कारखान्यातून दोनशे किलो चोथा निघेल. रोजी सात किलोप्रमाणे चार गाईंची सोय झाली. एका गोठ्याला हे बरे आहे, पण साऱ्या गावाचा उद्धार त्यातून होणार नाही. ‘तुमचा शेतमाल घेऊ’ असे कुणी म्हणाले, तर कोणता आणि किती, हेही विचारावे. जव आपल्याकडे पिकत नाही. तो मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणाकडून येतो. हॉपची वेल हिमाचलातल्या लाहौलच्या थंडीत होते. आपल्याकडचे चालण्यासारखे म्हणजे तांदळाची कणी. जवाबरोबर काही भाग ती घालता येते. कर्जतला भाताचे संशोधन केंद्र आहे, भाताच्या गिरण्या आहेत, कणी निघतेच. ती कोणत्या भावाने घेणार, हे कागदावर यावे.

पाणी किती, कुठून, कुठे?

छोट्या कारखान्यात एक लिटर बीअरला सात-आठ लिटर पाणी सहज लागते. निम्म्याहून जास्त पाणी भांडी, पिंपे, नळ्या धुण्यात जाते. हजार लिटरला आठवड्याचे सात हजार लिटर धरू. सरकारी मापाप्रमाणे माणशी रोज ५५ लिटर धरले, तर पाच माणसांच्या साडेतीन घरांचे हे आठवड्याचे पाणी झाले. ऐकायला थोडे वाटते. पण धंदा चालला की कारखाना दसपट होतो, मग पस्तीस घरांचे पाणी होते. मे महिन्यात डोंगराच्या वाडीवर हंड्यासाठी रांग लागते, तेव्हा या आकड्याचा अर्थ कळतो. मोरबे धरण आपल्या तालुक्यात बांधले, पण त्याचे पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते. पाण्याचा प्रश्न आधी न विचारल्यास काय होते, हे आपल्याला बाहेरून शिकायला नको.

दुसरी बाजू सांडपाण्याची. त्यात साखर, यीस्ट आणि धुण्याचा कॉस्टिक सोडा असतो. असे पाणी वहाळात सोडले की त्यातली साखर सडताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. या सडणाऱ्या घाणीचे माप बी.ओ.डी. या नावाने करतात. नियमाप्रमाणे बीअरच्या कारखान्याचे पाणी नदी-ओढ्यात सोडताना हे माप लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर नसावे, जमिनीवर सोडताना १०० च्या वर नसावे. शुद्ध न केलेल्या पाण्यात ते हजारांत असते. १९७४ च्या पाणी कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. तिची प्रत ग्रामपंचायतीने मागून घ्यावी.

बायकांचे मत

कारखान्याबरोबर विक्रीची जागा आली, तर बायकांचे म्हणणे आधी ऐकावे. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशाने दारूविक्रीचा परवाना बंद करण्यासाठी मतदानाची सोय केली आहे. गावातल्या चतुर्थांश महिला मतदारांनी लेखी मागणी केली की गुप्त मतदान होते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला मिळाली तर दुकान बंद होते. इथे ‘एकूण’ हा शब्द ध्यानात ठेवावा. लावणीला गेलेली, माहेरी गेलेली, घरातून न निघालेली बाई दुकानाच्या बाजूनेच मोजल्यासारखी होते. शहाणा कारखानदार मतदानाची वेळच येऊ देणार नाही. तो उभ्या बाटलीवर नफा मोजण्यापूर्वी गावातल्या बायकांपुढे येऊन बसेल. बीअरसाठी २१ वर्षांची अट आहे. गावातल्या कोवळ्या पोराला आपल्या दारातून परत पाठवीन, असे तो तिथे कबूल करील.

मोहाची आठवण

दारूचा कायदा या मातीला नवा नाही. १८९२ साली मुंबई सरकारने मोहाचा कायदा केला. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजचा रायगड, या जिल्ह्यांत मोहफुले गोळा करून ठेवण्यावर बंधने आली. चैत्रात पहाटे झाडाखाली फुले वेचणारी ठाकर-कातकरी बाई गुन्हेगार ठरली. आणि त्याच काळात उरणच्या भट्ट्यांत परवान्याने मोहाची दारू गळत होती, तिच्यावर सरकारचा महसूल वाढत होता. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला, पण फुलांवरची बंधने राहिलीच. महाराष्ट्रात ती आदिवासींसाठी सैल झाली २०२१ साली.

ही जुनी गोष्ट सांगायचे कारण एवढेच की परवाना एकाला मिळतो आणि त्याची किंमत दुसराच मोजतो, असे याच भागात घडलेले आहे. ते पुन्हा घडू नये.

ग्रामसभेत विचारा

पाणी रोज किती लिटर आणि कुठून घेणार? मे महिन्यात बोअर आटली तर आधी कारखाना थांबणार की नळ? सांडपाणी कुठे सोडणार, त्याची तपासणी कोण करणार आणि तिचा कागद गावाला दर महिन्याला दाखवणार का? चोथा कोणत्या गोठ्यांना, कोणत्या भावाने? गावातली किती माणसे कामाला घेणार, आणि कोणत्या कामाला? नुसती राखणदारीच, की पोरापोरींना कारागिरीही शिकवणार? विक्री गावात करणार का, आणि करणार तर किती वाजेपर्यंत?

उत्तरे तोंडी घेऊ नका, ग्रामसभेच्या इतिवृत्तात लिहून घ्या. जो माणूस ती लिहून द्यायला तयार होईल, त्याच्याशी शेजार करता येईल. जो म्हणेल ‘आधी काम सुरू होऊ द्या, मग बघू’, त्याला चहा पाजून वाटेला लावावे. एका हाताने टाळी वाजत नाही, आणि एका बाजूने शेजारही होत नाही.