दुधीचा वेल कुणाची वाट पाहतो?

परसात नाहीतर गच्चीवरच्या डब्यात हौसेनं दुधी लावावा, वेल मांडवभर पसरावा, फुलंही भरपूर यावीत; आणि बोटाएवढा दुधी धरला की पिवळा पडून गळावा! शेजारच्या काकू म्हणतात, दृष्ट लागली. माळी म्हणतो, खत घाला. मैत्रिणींनो, खताची पिशवी उघडण्याआधी एकदा फुलाकडे नीट पाहा बरं. पुष्कळदा फुलाकडे यायचा तो पाहुणाच आलेला नसतो.

दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी फुलं निरनिराळी येतात. मादी फुलामागे इवलासा दुधी असतो, नर फुलाला नुसता देठ. सुरुवातीला बहुधा नर फुलंच येतात आणि गळतात, त्याची काळजी नको. पण नराचे पराग मादी फुलावर पोचले नाहीत, तर मागचा दुधी वाढत नाही. हे चिकट पराग वाऱ्यानं उडत नाहीत. कुणीतरी न्यावे लागतात.

रूप तसा पाहुणा

तो ‘कुणीतरी’ कोण, हे फुलाचं रूपच सांगतं. दुधीचं फूल पांढरं, दिवेलागणीच्या सुमारास उमलणारं. अंधारात पांढरा रंग उठून दिसतो, म्हणून त्याच्याकडे रात्रीचे पतंग येतात. पडवळाचं झालरीचं पांढरं फूलही रात्रीचंच. तांबड्या भोपळ्याचं मात्र पिवळंधमक आणि पहाटे उमलणारं. मधमाश्यांना पिवळा रंग चटकन दिसतो. दुपारपर्यंत ते मिटूनही जातं.

मधमाश्यांना लाल रंग नीटसा दिसत नाही. मग पांगारा आणि काटेसावर लालभडक का? तर त्यांचे पाहुणे मैना, बुलबुल, शिंजीर असे पक्षी! पक्षी वासावर येत नाहीत, म्हणून या फुलांना सुगंध नसल्यासारखाच. मध मात्र भरपूर. आणि सुरणाचं फूल? त्याला सडक्या मांसासारखी दुर्गंधी येते. आपण नाकाला पदर लावतो, पण घाणीवर येणाऱ्या किड्यांना ते आमंत्रणच असतं.

आता तुम्ही काय कराल?

फवारणी जपून करा. ‘औषध संध्याकाळी मारा’ हा सल्ला तांबड्या भोपळ्याला ठीक, कारण तेव्हा त्याची फुलं मिटलेली असतात. दुधी-पडवळाची फुलं मात्र नेमकी तेव्हाच उमलतात! उमललेल्या फुलांवर औषध मारलंत, तर किडीबरोबर पाहुणाही मरेल.

पाहुणा येतच नसेल, तर त्याचं काम आपण करावं. दुधीचं ताजं नर फूल संध्याकाळी खुडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला परागांचा भाग उमललेल्या मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. तांबड्या भोपळ्याला हेच सकाळी लवकर करा. मात्र दुधीला दुधीचाच पराग हवा, भोपळ्याचा चालत नाही.

काम साधलं असेल, तर चार-सहा दिवसांत दुधी फुगू लागलेला दिसेल. त्यानंतरही गळ थांबली नाही, तर मग पाण्याकडे आणि खताकडे वळा.